झेड राहिलेली बाराखडी

विषय निघाला कण्हेरीवरून. आमचा कट्टा म्हणजे काय, तर बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी आणि शेजारच्या टपरीचं एक बाकडं. समोर डिव्हायडरवर कण्हेर लावलीय, परवा रविवारी पालिकेची माणसं ती छाटत होती आणि फुटपाथवर सगळा गुलाबी कचरा. एक शेळी आली, हुंगलं, निघून गेली. सुन्या म्हणाला बघा, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तर शिल्पा चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाली, कशी लावेल, विष असतं ते, एका वकिलाला यानेच मारलाय. सुन्या एकदम ताठ बसला, कुठला वकील, आपल्या ठाण्यातला? नाही रे, कॅलिफोर्नियातला, पुस्तकातला. मग सुन्या परत टेकला.

पण काकांचे डोळे चमकले. काका आमच्या कट्ट्याचे सगळ्यात सीनियर मेंबर, बँकेतून रिटायर झालेले, माटुंग्याच्या फुटपाथवरून पिशव्या भरभरून इंग्रजी रहस्यकथा आणायचे एकेकाळी. म्हणाले, अगं तू पण किन्सीवाली का? आणि झालं, पुढचे दोन तास पाण्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. स्यू ग्राफ्टन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९८२ मध्ये 'ए इज फॉर अलिबाय' लिहिलं, मग बी फॉर बर्गलर, सी फॉर कॉर्प्स, अशी बाराखडी गिरवत २०१७ मध्ये 'वाय इज फॉर यस्टरडे' पर्यंत आल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेल्या. झेड राहिलं. डिटेक्टिव्ह म्हणजे किन्सी मिलहोन, बत्तिशीची, दोनदा घटस्फोट झालेली, आधी पोलिसात होती, आता सांता तेरेसा या गावात एकटी प्रायव्हेट डिटेक्टिव्हचं काम करते. गाव खोटं आहे, म्हणजे खरं सांता बार्बराच, नाव रॉस मॅक्डोनाल्डच्या पुस्तकांतून घेतलेलं. पहिल्या पुस्तकात नवऱ्याच्या खुनासाठी आठ वर्षं जेल भोगून आलेली बायको किन्सीकडे येते आणि म्हणते मी मारलं नव्हतं, कोणी मारलं ते शोध. वकिलाच्या अ‍ॅलर्जीच्या कॅप्सूलमध्ये औषधाच्या जागी कण्हेरीची पूड भरलेली असते. काका म्हणाले ही कल्पनाच मुळात बाईंच्या घरातून आली, घटस्फोट आणि मुलांच्या ताब्यावरून भांडण चाललेलं, रात्री पडल्या पडल्या नवऱ्याला कसं संपवायचं याचे बेत करायच्या, त्यात हा कण्हेरीचा, पण पकडली जाईन म्हणून मग पुस्तक लिहिलं असं स्वतःच सांगायच्या.

सुन्या म्हणाला, मस्त, म्हणजे नवऱ्याच्या जिवावर पंचवीस पुस्तकं.

आता सुन्याची बाजू आधी सांगतो कारण तोच जास्त ओरडत होता. त्याने मागे माझ्याकडून डी आणि ई नेली होती आणि (परत न देता) मत बनवलं होतं. म्हणे ही बाई पुस्तकभर काय करते, तर सकाळी उठून तीन मैल धावते, पीनट बटर आणि लोणच्याचं सँडविच खाते, स्वतःचे केस नखं कापायच्या कात्रीने कापते, आयुष्यभर एकच काळा ड्रेस, तोच चुरगळत नाही म्हणून सगळीकडे घालते, हे मला पहिल्या पुस्तकात कळलं, मग प्रत्येक पुस्तकात परत कशाला? खून कोणी केला ते सांग आणि मोकळी हो. त्याला रहस्य म्हणजे शब्दकोड्यासारखं पाहिजे, उत्तर मागच्या पानावर.

शिल्पा एवढं ऐकून घेणारी नाही. ती पंधरा वर्षं इन्शुरन्समध्ये क्लेम तपासायचं काम करते, आगीचे, चोरीचे, गाड्यांचे. म्हणाली सुन्या, तू डी वाचलंस ना, त्यात सुरुवातीला काय होतं? एक माणूस येतो, पंचवीस हजार डॉलरचा चेक एका पोराला पोचवून दे म्हणतो, किन्सीला चारशे डॉलर आगाऊ देतो आणि तो चारशेचा चेकच बाऊन्स होतो. आता बाकीचे डिटेक्टिव्ह काय करतात, तर दारात सुंदर बाई येते, रडते, नायक सिगरेट पेटवतो. इथे चेक बाऊन्स. अख्खं पुस्तक त्या चारशे डॉलरच्या वसुलीवरून सुरू होतं. मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं काय सांगू, कारण माझं आयुष्य हेच आहे.

आणि हे खरंय, मलाही त्या मालिकेत हेच सगळ्यात जास्त आवडतं. किन्सी सुरुवातीच्या पुस्तकांत एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसते, भाडं नाही, बदल्यात त्यांचे क्लेम तपासून द्यायचे. ई मध्ये एका गोदामाच्या आगीचा क्लेम बघताना तिच्याच बँक खात्यात कोणीतरी पाच हजार डॉलर भरून ठेवतं, म्हणजे लाच खाल्ली असं दिसावं. शिल्पा म्हणाली ती एन्ट्री वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, खून वगैरे जाऊ दे, पण आपल्या खात्यात आपण न भरलेले पैसे यासारखी भीती नाही. एच नंतर कंपनी तिला काढून टाकते, आय मध्ये ती एका वकिलाच्या ऑफिसात जागा भाड्याने घेते, म्हणजे बघा, नोकरी जाते, जागा बदलते, हे असलं कोणाच्या रहस्यकथेत असतं?

मग कार्डांचा विषय. किन्सी जे काही कळेल ते इंडेक्स कार्डावर लिहिते, एका कार्डावर एकच गोष्ट, आणि अडली की सगळी कार्डं पिसून परत मांडते, क्रम बदलला की वेगळं काहीतरी दिसतं म्हणून. पुस्तकाच्या शेवटी अशिलाला रिपोर्ट लिहावा तशी सही. काका म्हणाले मी ब्रँचला असताना एका खोट्या सह्यांच्या प्रकरणात हे करून पाहिलं होतं, कार्डं नव्हती म्हणून जुन्या पे-इन स्लिपांच्या पाठीवर लिहिलं आणि टेबलावर पसरलं, तेवढ्यात शिपायाने पंखा लावला. पुढे काय झालं ते काकांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मंद्या तोपर्यंत गप्प होता. मंद्या टीव्ही मालिकांचं एडिटिंग करतो त्यामुळे लांबलेल्या गोष्टींबद्दल बोलायचा अधिकार कट्ट्यावर त्याचाच. म्हणाला पंचवीस पुस्तकं म्हणजे पाणी घातलंच असणार. पहिली पुस्तकं किती पानांची? मी म्हटलं बारीक, दोन लोकलमध्ये संपतील अशी. आणि शेवटची? उशीला लागतील अशी. हा, मग बघ, म्हणाला, हे आमच्याकडे रोज होतं, टीआरपी आला की सासूला नवीन आजार. यावर शिल्पा आणि काका दोघं एकदम तुटून पडले, पण दोन वेगळ्या दिशांनी, आणि खरं भांडण इथे सुरू झालं.

शिल्पाचं म्हणणं पहिली दहाच खरी. ए ते जे. नंतर बाईंना लिटररी व्हायचं होतं, एस मध्ये १९५३ सालची प्रकरणं मधे मधे घातली, टी मध्ये तर खलनायिकेच्याच डोक्यात शिरून लिहिलं, किन्सीचा आवाज कमी झाला, तो टोमणे मारणारा आवाज, त्यासाठीच तर घेतलं ना पुस्तक. तिचं हे अर्धं बरोबर आहे. मला डब्ल्यू वाचताना मध्येच भाजी निवडावीशी वाटली होती.

काका म्हणाले साफ चूक. टी इज फॉर ट्रेसपास हे मालिकेतलं सगळ्यात उत्तम. गोष्ट अशी, किन्सीच्या शेजारी गस नावाचा म्हातारा राहतो, खडूस, पडतो, खांदा दुखावतो, घरी नर्स ठेवतात. आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं की ही बाई ती नाहीच, दुसऱ्याच कुणा नर्सचं नाव चोरून आलीय आणि म्हाताऱ्यांना लुबाडणं हाच तिचा धंदा. किन्सीला माहीत नाही. किन्सीनेच तर तिची कागदपत्रं तपासून ओके दिलेलं असतं!

सुन्या म्हणाला, मग रहस्य कुठे राहिलं, गुन्हेगार आधीच सांगून टाकला तर?

काका जरा थांबले. मग म्हणाले, तुझी काकू आजारी होती तेव्हा ब्यूरोतून बाई यायच्या ना आपल्याकडे, चांगल्या होत्या हो अगदी, पण मी हे पुस्तक त्याच दिवसांत वाचत होतो. रात्री साडेअकराला उठून त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स शोधली आणि फोटो बघत बसलो. आता तू मला सांग, कोणी केलं या प्रश्नाने मला कधी रात्री उठवलंय का?

यावर कोणीच काही बोललं नाही, टपरीवाल्याने आपणहून कटिंग आणून ठेवले.

मंद्याला मात्र भलताच प्रश्न पडला. म्हणाला पस्तीस वर्षं पुस्तकं येत होती तर नायिका शेवटी सत्तरीची झाली असेल, धावते कशी? तर हेच तर बाईंनी हुशारीने केलंय. किन्सीचा जन्म १९५० चा, पहिलं पुस्तक १९८२ मध्ये घडतं आणि शेवटचं १९८९ मध्ये. बाहेर पस्तीस वर्षं गेली, तिची सातच. त्यामुळे मोबाईल नाही, इंटरनेट नाही, माणूस शोधायचा तर जुन्या डिरेक्टऱ्या काढा, कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये बसा, पब्लिक फोनसाठी सुटे पैसे सांभाळा, फोक्सवॅगन काढा आणि जाऊन बेल वाजवा. काका म्हणतात आता एवढ्यासाठीच वाचावं, त्या काळात माणूस शोधायला माणसाकडेच जावं लागायचं. मला वाटतं लिहिणाऱ्याचीही सोय झाली, नाहीतर अर्धी प्रकरणं गूगलवर मिटली असती.

(मधे काकांनी काळापहाड, झुंजार आणि त्यांचे लेखक बाबूराव अर्नाळकर यांची सवयीप्रमाणे आठवण काढली, हजारावर रहस्यकथा एकट्याने लिहिल्या त्या माणसाने वगैरे. शिल्पाने विचारलं, त्यात भाड्याच्या खोलीत राहून स्वतःचं बिल स्वतः वसूल करणारी एक तरी बाई होती का? काका म्हणाले त्या काळी... शिल्पा म्हणाली हं. विषय तिथेच संपला. खरं तर अमेरिकेतही हे फार जुनं नाही, सारा पॅरेत्स्कीची शिकागोची बाई डिटेक्टिव्ह वॉर्शॉस्की पण त्याच १९८२ ची, मार्शा म्युलरची शॅरन मॅकोन तेवढी आधीची, १९७७.)

मग मंद्याने बॉम्ब टाकला. म्हणाला याच्यावर सीरिज येणारच, हक्क गेलेत २०२१ मध्येच. काका लाल झाले. कारण ग्राफ्टनबाई आधी स्वतः टीव्ही-सिनेमासाठी लिहायच्या, त्या धंद्याला पुरत्या विटलेल्या, आणि किन्सी कधीही विकायची नाही, विकलीत तर थडग्यातून येऊन छळेन असं घरच्यांना बजावून ठेवलेलं. आणि घरच्यांनी चार वर्षांत विकली! मंद्या म्हणाला, काका, घर चालवायला लागतं, आणि लोकांना बघायला मिळेल ना. काका म्हणाले हेन्रीचं काम कोण करणार, तू? हेन्री म्हणजे किन्सीचा घरमालक, ऐंशीच्या पुढचा, रिटायर्ड बेकर, शब्दकोडी बनवतो, त्याच्या गॅरेजची केलेली खोली हेच तिचं घर. आई-वडील पाचव्या वर्षी अपघातात गेले, वाढवणारी मावशीही गेली, म्हणजे हिचं गोत काय, तर हा म्हातारा आणि कोपऱ्यावरची रोझी. रोझी हंगेरियन, खानावळ तिची आणि तुम्ही काय खायचं तेही तीच ठरवणार, कलेजी-बिलेजीचं काहीतरी आणून आपटते आणि समोर उभी राहून बघते. सुन्या म्हणाला ही आपल्याकडच्या पोळीभाजीवाल्या मावशींसारखी. पहिल्यांदाच काहीतरी आवडलं त्याला.

एक मान्य करायला हवं, झेड दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचं नाही हे मात्र घरच्यांनी पाळलं. मुलीने जाहीरच केलं की आमच्यापुरती बाराखडी वायलाच संपली. नाव ठरलेलं होतं, झेड इज फॉर झीरो. शिल्पाचं म्हणणं वाचकावर अन्याय, कोणीतरी चांगला लेखक बसवून पुरं करायला हवं होतं, पंचवीस हप्ते भरले आणि पॉलिसी मॅच्युअर होताना कंपनी गायब. काका म्हणाले दुसऱ्याने लिहिलेली किन्सी म्हणजे ती गसच्या घरातली नर्स, नाव तेच, बाई दुसरी. मी काकांच्या बाजूने. तसंही प्रत्येक पुस्तकात खटला तिथल्या तिथे मिटतो, अडलेलं काही नाही, फक्त कपाटात शेवटी एका पुस्तकाची जागा दिसते.

अकरा वाजले, ऊन पायरीवर आलं, पालिकेची गाडी कण्हेर भरून निघाली. सुन्या बराच वेळ काहीतरी जुळवत होता. म्हणाला एक सांगा, ए मध्ये त्या वकिलाला मारतो तो तिला पुस्तकात भेटलेला असतो ना, म्हणजे नीट भेटलेला? आम्ही म्हटलं हो, असणारच. मग त्याने काकांच्या कानाशी जाऊन हळूच एक अंदाज सांगितला. नाव नाही, त्याला नावं माहीतच नाहीत, फक्त कोण कुठला असेल तेवढं.

काका ग्लासात बघायला लागले.

"बरोबर ना?" सुन्या म्हणाला. "न वाचता सांगितलं!"

शिल्पा उठली, पर्स झटकली आणि विचारलं, आजच्या चहाचे पैसे कोणाकडे आहेत?