मूल कोणाच्या हातात आहे? एका आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाळणाघराची भीती बाळगण्याचे कारण नाही, अशा आशयाच्या माझ्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. चार ओळींत आभार मानून ती बाजूला ठेवणे योग्य वाटले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा सांगते. आपण आपल्या सव्वादोन वर्षांच्या नातीला ती तान्ही असल्यापासून दिवसभर सांभाळता. तीन वर्षांखालच्या मुलाची जागा घरातच असते, असे आपले ठाम मत आहे. मी पाळणाघराच्या बाजूचे तेवढे संशोधन वेचून मांडले आणि विरुद्ध बाजूचे दडवले, मुलांच्या सततच्या आजारपणावर ‘त्याने प्रतिकारशक्ती वाढते’ असे म्हणून पांघरूण घातले, आणि घरी सांभाळणाऱ्यांची संभावना ‘टीव्हीपुढे मूल बसवून स्वतः डुलकी काढणारे’ अशी केली, हे आपले तीन आक्षेप आहेत. आपली मुलगी आता नातीला पाळणाघरात घालू म्हणते आहे आणि आधार म्हणून तिने माझाच लेख आपल्यापुढे ठेवला, हेही आपण शेवटी लिहिले आहे.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण त्यावर वाद घालण्याजोगे माझ्याकडे काहीही नाही. ते वाक्य लिहायला नको होते. ते चटपटीत होते म्हणून लेखात राहिले, खरे होते म्हणून नव्हे. मी ते मूळ लेखातून काढून टाकले आहे.

आजारपणाबद्दल थोडक्यात. पाळणाघरात जाणारी मुले पहिली एक-दोन वर्षे अधिक वेळा आजारी पडतात, हे निर्विवाद आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन येथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यात मोठ्या पाळणाघरांत जाणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त वेळा झाली, सहा ते अकरा या वयात मात्र घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी वेळा झाली, आणि तेराव्या वर्षापर्यंत हा फरक मिटला. म्हणजे हा व्यवहार बहुतांशी ‘आधी की नंतर’ असा आहे. पण पाच महिन्यांच्या बाळाची सर्दी आणि सहा वर्षांच्या मुलाची सर्दी यांत फार अंतर आहे. चोंदलेल्या नाकाने बाळाला दूध ओढता येत नाही, ते रात्रभर झोपत नाही आणि त्याच्याबरोबर घरही झोपत नाही. हे मी लिहायला हवे होते.

आता संशोधनाकडे वळते, कारण आपला मुख्य रोख तिथे आहे. मी काही दडवले असे मला वाटत नाही, पण मी एक मोठी गफलत केली हे आपल्यामुळे लक्षात आले. दहा महिन्यांचे मूल, सव्वादोन वर्षांचे मूल आणि साडेतीन वर्षांचे मूल या तिघांना मी ‘लहान मुले’ या एकाच शब्दात कोंबले. पाळणाघराच्या लाभांचे पुरावे बहुतेक तिसऱ्या मुलाविषयीचे आहेत आणि त्रासाचे पुरावे बहुतेक पहिल्या दोघांविषयीचे. वादात एक पक्ष एका टोकाचे दाखले देतो, दुसरा दुसऱ्या टोकाचे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांना खोटे ठरवतात. आपले आणि माझे असेच काहीसे झाले आहे.

आपण ज्या संशोधनाकडे बोट दाखवले आहे त्यातील सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतील राष्ट्रीय बाल-आरोग्य संस्थेने हाती घेतला. १९९१ मध्ये जन्मलेल्या, दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांचा जन्मापासून थेट किशोरवयापर्यंत मागोवा घेतला गेला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८६ मध्ये, जे बेल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी असा इशारा दिला होता, की पहिल्या वर्षातच आठवड्याला वीस तासांहून अधिक काळ मूल दुसऱ्यांकडे राहिले तर त्याच्या आईशी असलेल्या नात्याला धोका संभवतो. या इशाऱ्यावरून मोठे वादळ उठले आणि पुढे या अभ्यासातही ते सहभागी झाले. निष्कर्ष कोणत्याच पक्षाला पुरता आनंद देणारे निघाले नाहीत. मूल केवळ पाळणाघरात जाते म्हणून पंधराव्या महिन्यात आईशी असलेले नाते असुरक्षित झालेले दिसले नाही. परंतु आईचा मुलाला मिळणारा प्रतिसादही तुटपुंजा आणि बाहेरची देखभालही निकृष्ट किंवा वारंवार बदलणारी, अशी दुहेरी उणीव जिथे होती तिथे धोका वाढला. देखभालीचा दर्जा चांगला असेल तर भाषा आणि आकलन थोडे सरस आढळले. बाहेरचे तास जितके अधिक, विशेषतः मोठ्या गटाच्या केंद्रांत, तितकी शाळेत जाण्याच्या वयात आडदांडपणाची आणि हट्टीपणाची नोंद थोडी अधिक झाली. आणि या सगळ्यापेक्षा घरातील वातावरणाचा प्रभाव मोठा ठरला, मूल दिवसभर कुठेही असो.

कॅनडातील क्वेबेक प्रांताचा दाखला आपण दिला आहे, तोही खरा आहे. तिथे १९९७ पासून नाममात्र शुल्कात पाळणाघरे उपलब्ध करून दिली गेली. आयांचे नोकरीतील प्रमाण वाढले, पण मुलांमध्ये चिंता आणि आक्रमकता वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. फक्त त्याला एक जोड द्यावी लागेल. मागणी झपाट्याने वाढली, त्या गतीने चांगली केंद्रे उभी राहिली नाहीत, आणि तिथल्या बऱ्याच केंद्रांचा दर्जा जेमतेम असल्याचे स्वतंत्र पाहणीत आढळले. क्वेबेकने ‘पाळणाघर वाईट’ हे सिद्ध केले असे म्हणण्यापेक्षा, जेमतेम पाळणाघरात मुले घाईने घातली तर काय होते ते दाखवले, असे मी म्हणेन.

उलट बाजूने माझ्या लेखाखाली कोणी मिशिगनमधील पेरी शाळेचा दाखला दिला होता, तोही जपूनच वापरायला हवा. तिथली १२३ मुले तीन-चार वर्षांची, अतिशय गरीब कुटुंबांतली होती. त्यांतील ज्यांना शाळेत घेतले त्यांचे भले झाले, कारण ज्यांना घेतले नाही त्यांच्या वाट्याला फारच थोडे आले होते. आपली नात त्या तुलनेत कुठेच बसत नाही. पाळणाघर चांगले का, या प्रश्नाला ‘कशापेक्षा?’ हा प्रतिप्रश्न जोडल्याशिवाय अर्थच येत नाही, आणि मूळ लेखात मी तो जोडला नव्हता.

तरीही, घर विरुद्ध पाळणाघर ही आपण आखलेली रेघ मला मान्य नाही. मूल भिंतींच्या नव्हे, माणसांच्या आधाराने वाढते. दिवसातले आठ-नऊ तास ते नेमक्या कोणाच्या हातात आहे, त्या हातांना आणखी किती मुले आहेत, आणि सहा महिन्यांनी तेच हात तिथे असतील का, हे तीन प्रश्न घराला आणि पाळणाघराला सारखेच लागू होतात. इंग्लंडमधील नियमांत दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस आवश्यक धरला आहे, तो कागदी काटेकोरपणा नव्हे. एका माणसाला दोनच हात आणि एकच मांडी असते. चौथे रांगणारे मूल आले की कोणाचे तरी रडणे ऐकू येऊनही ऐकले जात नाही.

माझ्या मुलीला ती चौदा महिन्यांची असताना मी ज्या पाळणाघरात घातले होते, तिथे भिंतींवर सुंदर चित्रे होती आणि दर महिन्याला उपक्रमांचा छापील तक्ता मिळत असे. दहा आठवड्यांत तिच्या गटाच्या ताई तीनदा बदलल्या. तिसऱ्या ताई आल्या तेव्हा मुलगी रडायची थांबली, आणि मला वाटले की रुळली. एके दिवशी मी लवकर गेले. ती दाराकडे पाठ करून, बुटाची चिकटपट्टी उघडून पुन्हा लावत बसली होती, ओळीने सात-आठ वेळा. मी हाक मारली तेव्हा वळून पाहायला तिला वेळ लागला. कोणी हाक मारेल ही अपेक्षाच तिने सोडून दिली असावी. मी तिला तिथून काढले.

नंतर जे पाळणाघर पाहिले ते एका जुन्या घराच्या दोन खोल्यांत होते, चित्रेबित्रे नव्हती. मला अर्धा तास कोपऱ्यात बसून पाहू दिले, आणि जिथे असे बसू देत नाहीत तिथे मूल ठेवू नये, हे माझे तेव्हापासूनचे मत आहे. मावशी एका मुलाचे लंगोट बदलत होत्या. पलीकडे दुसऱ्याने ठोकळ्यांचा मनोरा पाडला आणि तोंड वाकडे केले. मावशींनी मानही न वळवता म्हटले, “पडला ना? आलेच हं, एवढे बटण लावते.” तो मुलगा रडला नाही, ठोकळे गोळा करत वाट पाहू लागला. त्या आल्याही. बटण लावून झाल्यावर सर्वांत आधी त्याच्याचकडे गेल्या. त्या मुलाला ठाऊक होते की ‘आलेच’ म्हणजे खरोखर येणे. त्या मावशी तिथे अकरा वर्षे होत्या. माझी मुलगी पुढे अडीच वर्षे त्यांच्याकडे राहिली.

घराचेही तेच. आपल्यासारखे एकच माणूस दोन वर्षे रोज मुलाजवळ असेल, त्याच्याशी बोलत असेल, भांडी विसळताना त्याच्या हाती वाटी-चमचा देत असेल, तर त्याहून चांगली व्यवस्था दोन वर्षांखालच्या मुलासाठी मला ठाऊक नाही; हे मी विनाअट लिहिते. मात्र प्रत्येक घरात आपण नसता. माझ्या ओळखीच्या एका घरात वर्षभरात चार सांभाळणाऱ्या बाई बदलल्या, मूल स्वतःच्या पाळण्यातच होते आणि तरी माझ्या मुलीसारखेच गप्प झाले होते. आणखी एका घरात आजोबांचे गुडघे चालेनासे झाल्यावर मूल दिवसभर एका खोलीत अडकले. आजोबांनी कधी तक्रार केली नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आजी-आजोबांची माया गृहीत धरताना त्यांची कंबर आणि त्यांची दुपार आपण हिशेबात घेत नाही. आपल्या प्रतिक्रियेत मध्येच एक ओळ आहे, की हल्ली नात पळाली की तिच्यामागे धावणे होत नाही. ती ओळ आपण ओझरती लिहिली आहे, पण माझ्या मते आपल्या मुलीच्या निर्णयामागे माझ्या लेखापेक्षा त्या ओळीचा वाटा मोठा असावा. तिने ती पाहिली आहे, बोलून दाखवली नसेल इतकेच.

त्यामुळे आपल्या नातीपुरते विचारले तर माझे उत्तर असे. घाई नाही. दोन वर्षांची मुले एकमेकांबरोबर खेळण्यापेक्षा एकमेकांशेजारी आपापले खेळतात. ‘तिला मित्र मिळायला हवेत’ हे कारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास खरे वजनदार होते. दुसरे, अर्धा दिवस पुरे. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांवर झालेल्या अभ्यासात पूर्ण दिवस राहणाऱ्या मुलांना अर्धा दिवस राहणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झालेला दिसला नाही. शिवाय घरी दिवस चढेल तसे उतरणारे ताणाचे संप्रेरक दिवसभराच्या पाळणाघरात अनेक मुलांमध्ये दुपारी वाढते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांत हे अधिक दिसते. हे वाढणे म्हणजे इजा नव्हे, पण गोंगाटात दिवस काढणे या वयाला कष्टाचे असते एवढे त्यातून नक्की कळते. सकाळी तीन-साडेतीन तास तिथे, नंतर आपल्याजवळ जेवण आणि झोप, ही विभागणी आपल्या गुडघ्यांनाही मानवेल.

राहता राहिली रुळवण्याची गोष्ट, आणि इथे आपली भूमिका मुलीपेक्षा मोठी आहे. जर्मनीत रुळवण्याची एक पद्धत प्रचलित आहे, ती बर्लिनच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पहिले तीन दिवस मुलाचे जवळचे माणूस त्याच्याबरोबर थोडा वेळ तिथेच बसते, काहीही करत नाही, फक्त असते. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन पाहतात, आणि नव्या ताईंच्या समजावण्याने मूल शांत होते का, यावर पुढचा वेग ठरवतात. सहसा हे काम आई करते. पण आपल्या नातीचा दिवस ज्या माणसापासून तुटणार आहे ते माणूस आपण आहात, आई नव्हे. आईपासून ती रोज सकाळी दूर होतेच आहे. म्हणून त्या कोपऱ्यात आपण बसावे असे मला वाटते. मुलीने रजा काढली तरीही. आपण त्या ताईंशी मोकळेपणाने बोलताना नातीला दिसलात तर तिच्या लेखी त्या ताई निम्म्या ओळखीच्या झाल्या. आपल्या अंथरुणातले दुपटे सोबत द्या, धुऊन नको, तसेच. आणि निघताना तिची नजर चुकवून निघू नका. ती रडली तरी चालेल, पण ‘आजी जाते, जेवायला घ्यायला येते’ असे तिच्या तोंडाकडे पाहून सांगा आणि त्या वेळेला दारात उभ्या राहा.