‘दोन चापट्यां’विषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका,

मुलांमधील मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी (नकोसे विचार पुन्हापुन्हा मनात येणे आणि त्यांपायी त्याच त्या कृती करत राहावे लागणे), कसा ओळखावा या माझ्या लेखावर आपण लिहिता : ‘‘आमच्या वेळी इंदुरात असले आजार नव्हते, दोन चापट्या दिल्या की हात धुणे थांबायचे. टापटिपीच्या मुलांना रोगी ठरवू नका. औषधांच्या दुष्परिणामांवर एक ओळ नाही. बाईंनी आधी अभ्यास करावा.’’ मतभेदाचे स्वागतच आहे; शेवटच्या वाक्यातील सूर मात्र आपल्या वयाला शोभत नाही.

टापटीप म्हणजे आजार नव्हे, हे मान्य. तीन वर्षांच्या मुलाने रोज त्याच वाटीचा हट्ट धरणे हा वाढीचाच भाग असतो.

परंतु चापट्या! माझा धाकटा भाऊ आपल्या त्याच ‘आमच्या वेळी’च्या इंदुरात, रामबागेतल्या वाड्यात वाढला. मार बसल्यावर त्याचे नळावर जाणे थांबले आणि मनातल्या मनात आकडे मोजणे सुरू झाले, जे कोणाला दिसणे शक्यच नव्हते. अक्षर मनासारखे येईपर्यंत तो खोडत राही, कागदाला भोक पडेपर्यंत; शाळेत मात्र त्याच्या सुवाच्य वहीचे कौतुक होई. रात्री तो आईला ‘‘तुला काही होणार नाही ना?’’ असे विचारी आणि उत्तरातला एक शब्द बदलला तरी पुन्हा पहिल्यापासून. अशा आश्वासनाने मुलाला घटकाभर बरे वाटते आणि विळखा अधिक घट्ट होतो, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक होते?

2013 च्या ‘डीएसएम-5’ या निदानपुस्तिकेनुसार असे विचार वा कृती दिवसाचा तासाहून अधिक वेळ खात असतील, किंवा त्यांपायी मोठा त्रास होत असेल, अभ्यास, मैत्री, घर यांत अडथळा येत असेल, तर तो आजार मानावा. आणि आपण हे का करतो, ते लहान मुलाला सांगता येईलच असे नाही, हेही तिथे नमूद आहे. म्हणूनच मोठ्यांना त्यात केवळ हट्ट दिसतो. उपचारातही हात धुणे रोखतातच, असे आपण म्हणाल. पण ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरे जाऊन ठरावीक कृती टाळायला शिकवण्याच्या, पद्धतीत मूल स्वतः तयार होऊन, पायरीपायरीने, भीती वाटणाऱ्या वस्तूला हात लावते आणि धुण्याची ऊर्मी ओसरेपर्यंत थांबायला शिकते. आपल्या चापटीत यातले काय आहे, ते कृपया सांगावे.

औषधे हा त्या लेखाचा विषयच नव्हता. आणि अभ्यासाचे म्हणाल, तर आपण लेखाच्या पहिल्या परिच्छेदापुढे गेला नसावात असे दिसते. उरलेला वाचून मग जरूर लिहावे.