तंबोरा, पंखा आणि टेलिफोन खाते

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर भरणाऱ्या आमच्या कट्ट्यावर डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी विषय निघाला तो सिमकार्डाच्या आदेशावरून. आदेश २८ नोव्हेंबरचा, म्हणजे २०२५ सरता सरता आलेला. फोनमध्ये सिम नसेल तर व्हॉट्सॲपसारखी ॲप चालायची नाहीत आणि संगणकावरची जोडणी दर सहा तासांनी सुटेल, एवढे सगळ्यांनीच वाचलेले असल्यामुळे कोणी कोणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत पडले नाही. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षे होऊन गेली, पण ‘आमचं खातं’ हा शब्द अजून सेवेत आहे. त्यांनी पहिला घोट घेण्याआधीच निकाल दिला.

“फार बरं झालं. आवाज वाहून नेणं हे पोरखेळाचं काम नव्हे. नंबर कोणाचा, पत्ता कुठला, बिल कोणाच्या नावावर, हे वहीत लागल्याशिवाय आमच्या खात्यानं कोणाला हॅलो म्हणू दिलं नाही. आणि आता कोणीही उठतो, पोलिसाचा गणवेश चढवतो, व्हिडिओ कॉल लावतो आणि म्हातारीला सांगतो की तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. अशी अटक कायद्यातच नाही, हे पंतप्रधानांना रेडिओवरून सांगावं लागलं.”

“नाना, गणवेश सिमला घातलेला नसतो,” वैदेही शांतपणे म्हणाली. “म्हातारी चेहरा पाहून घाबरते, नंबर पाहून नाही.”

वैदेही गाणे शिकवते. तिचे निम्मे शिष्य रत्नागिरीत, निम्मे न्यू जर्सीपासून सिंगापूरपर्यंत पसरलेले. त्यामुळे इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हा सर्वांत तिचाच मोठा, असे माझे मत आहे, आणि ते मी लपवणार नाही. प्रभुदेसाई वकिलांनी लगेच तिची बाजू उचलून धरली. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत साहेब आणि सहकारी समोर दिसत आहेत असे पाहून वीस कोटी हाँगकाँग डॉलर परक्या खात्यांत भरले होते; ते साहेब आणि ते सहकारी यंत्राने रंगवलेली सोंगे होती. “तिथे प्रत्येकाचं सिम अस्सल असतं, तरी काय फरक पडला असता?” असे वकिलांनी विचारले आणि नाना बिस्किटाकडे वळले.

येथे ओंकारने तोंड घातले. ओंकार पुण्यातल्या एका कंपनीत आहे आणि गेली पाच वर्षे आईच्या हातचे जेवत रत्नागिरीतून नोकरी करतो. त्याचे प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ने सुरू होते आणि पुष्कळदा ‘सेटिंगमध्ये आहे’ येथे संपते. त्याच्याशी बोलताना आपण माणूस नसून सुट्टीवर गेलेला ग्राहक आहोत, असे वाटू लागते. “बेसिकली, कॉलचा प्रश्न आता सुटलेला आहे, ताई. पुढचा टप्पा भाषांतराचा. तुम्ही मराठीत गाल, अमेरिकेत इंग्रजीत ऐकू येईल.”

“आधी माझा तंबोरा ऐकू येऊ दे,” वैदेही म्हणाली.

मग तिने जे सांगितले ते आम्हाला नवे होते. करोनाच्या वर्षी तिने एका मिटिंगच्या ॲपवर शिकवायला सुरुवात केली, तेव्हा न्यू जर्सीची मुलगी रोज बेसूर व्हायची. आठवडाभर तिने मुलीला दोष दिला, मग स्वतःच्या कानांना दिला, आणि एके दिवशी दुसऱ्या खोलीत दुसरा फोन ठेवून स्वतःचाच वर्ग ऐकला. तंबोरा नव्हताच. चार तारा जुळवून, जव्हारी लावून, खोली भरून टाकणारा तो आवाज ॲपने सुरुवातीची दोन सेकंद पोहोचवला आणि नंतर साफ पुसून टाकला होता, कारण एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा किंवा वातानुकूलन यंत्र, अशी त्याची समजूत होती. लांबवलेल्या ‘आ’काराचेही तेच व्हायचे. षड्जावर ती स्थिरावली की तिकडे आवाज विरत जायचा, जणू कोणी दार लोटून घेत आहे.

“बेसिकली, ते नॉइज सप्रेशन. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय असतो. सेटिंगमध्ये आहे.”

“आहे, आणि मला तो सापडायला सात महिने लागले. तुझ्या ॲपला माझा तंबोरा पंखा वाटतो, आणि तुझ्या साहेबांचं दोन तासांचं भाषण मात्र माणसाचा आवाज वाटतो, याला मी तंत्रज्ञानाची प्रगती कशी म्हणू?”

मुश्ताकला ठसका लागला. ओंकारने चिकाटी सोडली नाही. बोलणे ऐकण्याच्या कानाला एका बाजूचा दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खटकत नाही, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनेच सांगून ठेवले आहे, असे तो म्हणाला. त्यावर वैदेहीने बोटांवर हिशेब मांडला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. येथून न्यू जर्सी बारा हजार किलोमीटर धरले, तरी नुसत्या जाण्यायेण्यात १२० मिलिसेकंद गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. त्यात दोन्हीकडच्या यंत्रांनी आवाजाची घडी घालायची आणि उलगडायची म्हटल्यावर पाव सेकंद सहज उडतो. सोळा मात्रांच्या द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर पाव सेकंद म्हणजे नेमकी एक मात्रा. “मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आले की ती सोळाव्या मात्रेवर असते. बोलणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. तबलजीचा संसार मोडतो.” त्यामुळे ती आता एकत्र गातच नाही. तंबोरा शिष्येने आपल्याकडे लावायचा, वैदेहीने ओळ गाऊन थांबायचे, शिष्येने ती म्हणून थांबायचे. संगत म्हणून नाही, पत्रव्यवहार म्हणून शिकवणे चालते.

उशिराचे कारण पटवण्यासाठी ओंकारने एसटीची उपमा घेतली, आणि ती मला आवडली हे कबूल केले पाहिजे. आवाजाचे सेकंदाला साधारण पन्नास तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात भरून वेगळ्या गाडीने रवाना होतो. एखादी गाडी चुकली तर तिची वाट पाहत नाहीत, उशिरा आलेली तर फलाटावरूनच परत धाडतात, आणि मधली पोकळी अंदाजाने बुजवतात. बोलताना मधूनच समोरच्याचा आवाज टिनपाटासारखा होतो, तो हा अंदाज.

“एसटीत निदान वाहक असतो,” वैदेही म्हणाली. “त्याच्याशी भांडता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे. पूर्वी लाईनवर खरखर आली की आपण खात्याला शिव्या द्यायचो. आता खरखर आली की आपणच समोरच्याची माफी मागतो. ‘सॉरी हं, माझंच नेटवर्क.’ रस्ता खणताना केबल कोणी तोडली, राउटर कोणाचा, ॲप कोणाचं, कोणाला पत्ता नाही. गुन्हा मात्र आपण कबूल करून मोकळे.”

नानांना यात आपला विजय दिसला. भारतात इंटरनेटवरून बोलणे कायदेशीर झाले तेच मुळी १ एप्रिल २००२ ला, तेही संगणकावरून संगणकाला किंवा परदेशी फोनला, देशातल्या देशात साध्या फोनला जोडायची मुभाच नव्हती, आणि म्हणून तोवर शिस्त होती, असे त्यांनी सुनावले. वकिलांनी एक एप्रिलचा धागा पकडला. बरोबर वर्षाने, १ एप्रिल २००३ ला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात अमेरिकेतल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओवरून घेता येईल असा निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयाने नाकारलेले होते ते तिथे मान्य झाले. “दोन्ही तारखा खऱ्या आहेत,” वकील म्हणाले, “पण मी सांगतो म्हटल्यावर अशील हसतात.”

शिस्तीचा विषय निघाल्यावर मला गप्प राहवले नाही. आमच्या वाडीत फोन फक्त नानांकडे होता आणि सगळ्यांचे निरोप तिथेच येत. माझ्या लग्नाला मुलीकडून होकार आला तो नानांच्या ओटीवर. मी धावत पोहोचेपर्यंत नाना बोलून मोकळे झाले होते आणि आमच्या आईला तो समाचार विहिरीवर समजला. ही माझी तीस वर्षांची तक्रार आहे. “आता संदेश दोन टोकांच्या मध्ये कोणालाही वाचता येत नाही म्हणतात,” मी म्हणालो. “त्या काळी मधलं टोक नाना होते.”

“आणि तुझ्या सासऱ्यांनी हुंडा नाही म्हटल्यावर तुझे वडील काय म्हणाले, तेही ऐकलंय मी,” नाना म्हणाले, आणि मी विषय वाढवला नाही.

मुश्ताक इतका वेळ ऐकत होता. त्याचा धाकटा भाऊ शारजाला आहे. भावाचे इकडचे सिम घरी बांगड्यांच्या डब्यात आणि त्याच नंबरावरचे व्हॉट्सॲप तिकडे त्याच्या हातात. आता ते सिम कोणाबरोबर पाठवायचे, ही घरातली सध्याची चिंता. बरे, अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिता येते, आवाजाचा निरोप धाडता येतो, पण कॉल लागत नाही. सौदीने २०१७ साली दार किलकिले केले, यांनी नाही. परवानगी असलेली ॲप वेगळी आणि बहुधा पैसे मागणारी. करोनात कामासाठी म्हणून काही मिटिंगची ॲप खुली झाली, तेव्हा चुलतबहिणीच्या निकाहाला भाऊ ‘ऑफिसची बैठक’ म्हणून हजर राहिला होता आणि काझींनी विचारल्यावर सवयीने “नोटेड” म्हणाला होता. “तुमची गाडी चुकते, ओंकार,” मुश्ताक म्हणाला, “आमच्याकडे स्टँडच बंद आहे. बत्तीस पाकिटं हरवली की छत्तीस, याची चर्चा ज्याचा फोन लागतो त्यानं करावी.”

यावर कोणी बोलायच्या आत त्याचाच फोन वाजला. पडद्यावर ९७१ ने सुरू होणारा नंबर होता. भावाने चक्क साधा, मिनिटाला पैसे पडणारा कॉल लावला होता. मुश्ताकने सर्वांसाठी स्पीकर लावला आणि आवाज असा स्वच्छ आला की मागची गाड्यांची वर्दळसुद्धा ऐकू आली. नानांची मान ताठ झाली. “बघा. याला म्हणतात लाईन.”

“बेसिकली, नाना,” ओंकार हळूच म्हणाला, “फोरजीवर साधा कॉलसुद्धा पाकिटांतूनच येतो. तुमची लाईन केव्हाच गेली.”

“भाई, महागाचं बोलतोय, ठेवतो,” पलीकडून आवाज आला. “दुपारी बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकलाय, तेवढा ऐकून घे.” फोन बंद झाला. मुश्ताकने तिथेच, त्याच स्पीकरवर, मेसेज लावला.

“हॅलो,” भाऊ म्हणाला. “हॅलो, भाई, आवाज येतोय ना?”

“येतोय, बोला,” नाना म्हणाले.