शेवट नक्की कुणी लिहिला?

"गोड शेवट म्हणजे लेखकाची हार," नंदूने जाहीर केलं, आणि त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुसऱ्या कशावर बोलणं होणार नाही हे तिथेच ठरलं.

निमित्त होतं 'मॉरिस'चं. ई. एम. फॉर्स्टरची ही कादंबरी रेवानेच आमच्यात फिरवायला काढली. शुभाताईने वाचली, मी वाचली, निख्याने वाचली आणि सगळ्यांत शेवटी ती नंदूकडे गेली. नंदूकडून परत आलेल्या पुस्तकात पहिल्या चाळीस पानांवर पेन्सिलीच्या रेघा असतात आणि पुढची पानं कोरी करकरीत. मत मात्र पूर्ण पुस्तकावर.

"दोन पुरुष प्रेमात पडतात, समाज आडवा येतो, आणि शेवटी दोघं रानात संसार थाटतात? त्या काळच्या इंग्लंडमध्ये? हे साहित्य नाही, स्वप्नरंजन आहे. अभिजात प्रेमकथा शोकांतच असते."

"समाज नंतर येतो रे. आधी क्लाइव्ह आडवा येतो," रेवा म्हणाली. "प्रेमाची कबुली पहिल्यांदा तोच देतो आणि पुढे लग्न करून तोच मोकळा होतो. शेवटी मॉरिस ज्याच्याबरोबर जातो तो ॲलेक. वेगळा माणूस. पण ते सगळं चाळीस पानांच्या पुढे आहे."

निख्या इतका मोठ्याने हसला की शुभाताईला त्याला दटावावं लागलं.

नंदू हटला नाही. त्याच्याकडे 'शोकात्म जाणीव' नावाचं एक अस्त्र आहे. वादात हरायला लागला की तो ते काढतो. ते काढलं, आणि मग दहा मिनिटं आम्ही ग्रीक नाटकं, नियती आणि मानवी अस्तित्व यांच्यात अडकून पडलो. त्यात त्याने एकाही पात्राचं नाव घेतलं नाही.

रेवाने त्याला संपवू दिलं. मग म्हणाली, "तुला स्वप्नरंजन वाटतं ना? हे पुस्तक फॉर्स्टरने १९१३-१४ मध्ये लिहिलं. मित्रांना वाचायला दिलं, पुढे कितीतरी वर्षं त्यात दुरुस्त्या करत राहिला, पण जिवंतपणी छापलं नाही. तो १९७० मध्ये गेला, पुस्तक १९७१ मध्ये आलं. आणि का छापता येत नव्हतं ते त्यानेच १९६० च्या टिपणात लिहून ठेवलंय. एखादा पोरगा फासाला लटकलेला दाखवला असता, किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता, तर काही अडचण नव्हती. पण हे दोघं शिक्षा न होता सुटतात. म्हणजे पुस्तक गुन्ह्याची शिफारसच करतं की! आता सांग, हार कुणाची? मारून टाकलं असतं तर छापून आलं असतं. त्याने मारलं नाही, आणि त्यासाठी पन्नासहून जास्त वर्षं हस्तलिखित दाबून ठेवलं."

यावर नंदू काही बोलला नाही. रेवा पाठ करून बोलत नाही, वाचलेलं तिच्या डोक्यात मुरलेलं असतं. म्हणून तिच्यापुढे बाकीच्यांचं चालत नाही, आणि माझ्या मते चालूही नये.

पण मला 'मॉरिस'बद्दल एक तक्रार होती, ती मी मांडली. ॲलेक पुरेसा उभा राहत नाही. क्लाइव्हला अर्धं पुस्तक मिळतं आणि ज्याच्यासाठी मॉरिस घरदार, नोकरी, सगळं सोडतो त्या माणसाला शेवटची थोडी पानं. खिडकीतून येतो काय, संशयाने भांडतो काय, आणि बोटीवर न चढता परत येतो काय. माझा विश्वास बसला तो मॉरिसच्या धाडसावर, त्या दोघांच्या पुढच्या आयुष्यावर नाही.

"मान्य," रेवा म्हणाली. "फॉर्स्टरलाही ते जाणवलं असणार. पुढची काही वर्षं दाखवणारा एक उपसंहार त्याने लिहिला होता, दोघं लाकूडतोडे झालेले. तो काढून टाकला. पण शेवट घाईचा आहे ही तक्रार वेगळी आणि शेवट गोड आहे ही वेगळी. नंदूची दुसरी आहे."

मग मी पोस्टाची गोष्ट काढली. गेले कित्येक दिवस ती माझ्या डोक्यात घर करून होती. १९५२ मध्ये अमेरिकेत दोन बायकांच्या प्रेमावर दोन कादंबऱ्या आल्या. 'स्प्रिंग फायर' लिहिली मॅरिजेन मीकरने, व्हिन पॅकर या टोपणनावाने. तिच्या संपादकाने आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा करता येणार नाही. पुस्तकं टपालाने जायची, आणि पोस्टाच्या तपासनिसाला त्यात असल्या प्रेमाचं समर्थन दिसलं तर गठ्ठेच्या गठ्ठे जप्त. म्हणून शेवटी एकीला वेड लागतं आणि दुसरीला साक्षात्कार होतो की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच. दुसरी कादंबरी 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. पॅट्रिशिया हायस्मिथने क्लेअर मॉर्गन या नावाने छापलेली. तिच्यात कॅरलला मुलीचा ताबा गमवावा लागतो, किंमत पुरेपूर मोजावी लागते, पण कॅरल आणि थेरीज शेवटी एकमेकींकडे येतात. त्या शेवटासाठी वाचकांची ढिगाने पत्रं आली. तरी स्वतःचं नाव त्या पुस्तकावर घालायला हायस्मिथला १९९० उजाडलं.

"आणि पुढे या दोघी लेखिका काही काळ एकत्र राहत होत्या," निख्याने भर घातली. "प्रेमात. हे सांगायचं राहिलं तुझं."

"तुला बरं नेमकं तेवढंच माहीत असतं," शुभाताई म्हणाली.

"मी पुस्तकापेक्षा प्रस्तावना नीट वाचतो."

नंदूला आता फट दिसली. "म्हणजे तुमचं म्हणणं, जगातले सगळे दुःखी शेवट पोस्टमास्तरांनी लिहिलेत? मग जेम्स बाल्डविनच्या कादंबरीचं काय? 'जिओव्हानीज रूम'? तिथे तर गिलोटिन आहे! की तेही पोस्टाने पाठवलं?"

खरं सांगायचं तर हा त्याचा त्या दिवसातला एकमेव नेमका प्रश्न होता.

रेवा पुढे सरकून बसली. "गिलोटिन आहे ना. पण जिओव्हानी का मरतो? दोन पुरुषांनी प्रेम केलं म्हणून नाही मरत. त्याचा प्रियकर डेव्हिड त्याला काही न सांगता टाकून जातो म्हणून तो कोसळत जातो आणि त्याच्या हातून खून होतो. सगळी कादंबरी म्हणजे त्या शिरच्छेदाच्या आदल्या रात्री डेव्हिड स्वतःशी करत असलेला हिशोब आहे. मरण डेव्हिडच्या भित्रेपणाच्या खात्यावर आहे, प्रेमाच्या नाही. 'स्प्रिंग फायर'मधलं वेड कुणाच्या खात्यावर आहे? कुठल्याच पात्राच्या नाही. ते बाहेरून आणून चिकटवलंय. मला दुःखी शेवट नकोत असं मी कधी म्हटलं? तो पात्रांचा हवा, एवढंच. दुसऱ्या कुणी मागितला म्हणून दिलेला नको."

मला वाटतं या सगळ्या वाचनातून हाती लागलेली हीच एक गोष्ट. गोड की कडू हा प्रश्नच उथळ आहे. हे असं का संपतं, याचं उत्तर पात्रांकडे मिळतं का, ते पाहावं. बाल्डविनकडे ते पानोपानी मिळतं. १९५६ ची कादंबरी, आधीच्या प्रकाशकाने नाकारलेली, आणि आजही वाचताना डेव्हिडच्या पळपुटेपणाची लाज आपल्याला वाटत राहते.

"आणि खात्यावरून आठवलं," निख्या नंदूकडे वळला, "तुझ्या त्या कादंबरीतली नायिका विसाव्या पानावर तापाने गेली, ती कुणाच्या खात्यावर होती?"

नंदूने कॉलेजात कादंबरी लिहायला घेतली होती. हस्तलिखित आम्ही सगळ्यांनी वाचलंय, तेव्हा आम्हाला दुसरा इलाज नव्हता.

"ती प्रतीकात्मक होती."

"ती मेली कारण पुढे काय लिहायचं ते तुला सुचलं नाही," रेवा म्हणाली. "तुझ्या शोकात्म जाणिवेचा उगम तोच."

यानंतर बराच वेळ कुणालाच नीट बोलता येईना. नंदूने मग जुनी उणीदुणी काढली. निख्याने त्याचं एक जाडजूड पुस्तक पावसात भिजवून इस्त्रीने वाळवलं होतं, त्यावर रीतसर पंचनामा झाला. निख्याने उलट आठवण करून दिली की नंदूने एका रहस्यकथेतल्या खुन्याचं नाव पहिल्याच पानावर लिहून ते पुस्तक त्याला वाढदिवसाला दिलं होतं. हे प्रकरण दोघांपैकी कुणीही माफ केलेलं नाही.

शुभाताईने गाडी रुळावर आणली. तिचं म्हणणं, आपण परदेशातच फिरतोय, 'कोबाल्ट ब्लू' कुणी का काढत नाही? सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ ची. तिने ती या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली.

"बोल्ड विषय," नंदू लगेच म्हणाला. "पण दुसरा भाग अनावश्यक. भावाचं सांगून झाल्यावर बहिणीची डायरी कशाला?"

"तू सिनेमा पाहिलास," रेवा म्हणाली.

"सिनेमाही पाहिला."

"'ही' नको. सिनेमा पाहिलास."

शुभाताई सहसा वादात पडत नाही, पण इथे ती मनापासून बोलली. घरात एक पेइंग गेस्ट येतो. त्याचं नाव आपल्याला कधीच कळत नाही. तनय त्याच्या प्रेमात पडतो, अनुजाही पडते. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, आणि मग तो तिलाही सोडून जातो. माणूस एकच, सोडून जाणं एकच. पण अनुजा परत येते तेव्हा अख्खं घर हलतं. रागावतात, लपवतात, काळजी घेतात, तिचं काय करायचं यावर बोलणी होतात. तिच्या दुःखाला घरात जागा आहे, मग ती कितीही गैरसोयीची असो. तनय त्याच घरात वावरतोय, तेवढंच गमावून, आणि त्याला कुणी विचारत नाही. कारण काही घडलंय हेच कुणाला ठाऊक नाही.

"म्हणून दुसरा भाग हवाच," शुभाताई म्हणाली. "डायरी वाचताना अनुजाचं वाईट वाटतं, आणि प्रत्येक पानावर तनय आठवतो. तिला जे मिळालं ते त्याला मिळालं नाही, हे लेखक एकदाही सांगत नाही. दोन भाग शेजारी ठेवतो, बस. आणि घरातली माणसं वाईट नाहीत रे. आपल्यासारखीच आहेत, हे जास्त लागतं."

मी 'कोबाल्ट ब्लू' पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तनयचाच भाग मोठा वाटला होता. तो त्या माणसाशी, 'तू' म्हणत बोलतो, आणि तो 'तू' तिथे नाही. पण शुभाताईचं ऐकल्यावर वाटलं की कादंबरीची खरी करामत तिच्या रचनेत आहे. त्या पुस्तकाची ओळख नुसती 'धाडसी विषय' अशी करून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. धाडसी विषय पुष्कळांना सापडतात. अशी रचना सुचायला कादंबरीकार लागतो.

नंदूने तोवर नवी आघाडी उघडली. "पण २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. आता या सगळ्या लपूनछपून रडण्याच्या कादंबऱ्या कालबाह्यच की."

"इंग्लंडात १९६७ ला कायदा बदलला, 'मॉरिस' त्यानंतर छापली गेली," रेवा म्हणाली. "कालबाह्य म्हणून रद्दीत घालायची होती का? आणि निकाल कोर्टाने दिला नंदू, तनयच्या घरच्यांनी नाही."

मग नंदूने जे करू नये ते केलं. निख्याकडे वळून गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुझं काय मत? म्हणजे, तुमच्या समुदायाला काय वाटतं?"

निख्या आमच्यातला एकटा गे, आणि आमच्यातला एकटा असा की ज्याला प्रेमकथांचा कंटाळा आहे. "समुदायाची बैठक अजून झाली नाही," तो म्हणाला. "कळवतो. पण नंदू, लग्न झालेल्या माणसांवरच्या सगळ्या कादंबऱ्या तुला आवडतात का? एखादी नाही आवडली तर तुझ्या समुदायाला काय वाटतं ते विचारतो का मी? 'मॉरिस' मला कंटाळवाणी वाटली. 'जिओव्हानी' वाचून दोन रात्री झोप लागली नाही. 'शगी बेन' सोडून दिली, कारण त्यातली आई पिते, आणि ते मला घरून ठाऊक आहे. यातलं एकही मत गे नाही."

क्षणभर कुणीच बोललं नाही. शुभाताई एवढंच म्हणाली की 'शगी बेन' त्याने शक्य झालं तर कधीतरी शेवटपर्यंत वाचावी. डग्लस स्टुअर्टची ही पहिलीच कादंबरी, २०२० चं बुकर मिळालेली. पोराचं वेगळेपण तिच्यात आहे, पण पुस्तक आईचं आहे, ॲग्नेसचं. ती मरते. तरी शेवटच्या पानावर तो पोरगा रस्त्यात स्वतःभोवती एक गिरकी घेतो. तिला तो शेवट गोडही वाटला नाही आणि कडूही, त्या पोराचा वाटला. रेवा तिच्याकडे बघून खूश झाली.

"ठीक आहे, ठीक आहे," नंदू म्हणाला. "पुढचं पुस्तक निख्या ठरवेल. मी पूर्ण वाचणार. पण रडकं नको."

"ठरलंय माझं. रहस्यकथा आहे. सात खून पडतात."

"आणि म्हणे रडकं नको! यात तुमच्यातलं कोण मरतं?"

"कुणीच नाही," निख्या म्हणाला. "सातही जण सरळमार्गी. लग्न झालेले. आणि खुनी कोण ते मी पहिल्या पानावर लिहून देणार आहे."

नंदू त्याच्या मागे धावला, आणि चर्चा तिथेच राहिली.