धाड!

पहाटे साडेपाचला आमच्या सोसायटीचा पंप बंद होतो, आणि तळमजल्यावरच्या काकूंची भांडी मांडणीत नाचतात. सेक्रेटरी मी. आयुष्यभर बँकेत सह्या जुळवल्या. व्हॉल्व्ह हृदयात असतो आणि त्याचा खर्च मेडिक्लेममध्ये बसतो, एवढंच ज्ञान.

"साहेब, एनआरव्ही आपटतोय," प्लंबर म्हणाला. पंप थांबला की सात मजले चढलेलं पाणी माघारी फिरतं. त्याला अडवायला पाइपात बिजागरीवर लोंबणारी झडप असते, तोच हा एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी उलटं धावू लागल्यावर या झडपबाईंना जाग येते. मग धाड!

मी ग्रुपवर विचारलं, तिथेच चुकलं. बी विंग म्हणाली, ग्लोब व्हॉल्व्ह बसवा, प्रवाह कमी-जास्त करता येतो. पण आम्हाला कमी-जास्त करायचंय काय? वर त्यातून वळणं घेताना पाण्याचा दाब जातो तो वेगळाच. सी विंगला बॉल व्हॉल्व्ह हवा होता, पाव फेऱ्यात बंद. म्हणजे हातानं काढलेली धाड! एकानं गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवायला सुचवलं. वॉचमन दोन वर्षं तेच करत होता. आतलं पातं पार झिजलेलं निघालं. गेट व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा ठेवावा, नाहीतर पूर्ण बंद.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. "दीड इंची, न आपटणारा द्या."

दुकानदारानं पितळी स्प्रिंगवाला एनआरव्ही तळहातावर ठेवला. अंगठ्यानं चकती दाबली. सोडताच टिक करून जागेवर. पाण्याचा जोर ओसरला की हिला स्प्रिंगच मिटवते, पाणी उलटं फिरायची वाट बघत नाही. "अंगावरचा बाण टाकीकडे," त्यानं बजावलं, "नाहीतर पंप नुसता घुमेल."

जुना काढताना कळलं, गेट व्हॉल्व्ह त्याच्या खाली बसवलाय. हवा होता वर, म्हणजे पाइपातलं पाणी अडवता आलं असतं. बावीस मीटर उभ्या पाइपातलं पंचवीसेक लिटर पाणी प्लंबरच्या आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टावर आलं. मग दोन्हींची जागा बदलली, गेटही नवा घेतला.

दुसऱ्या दिवशी पंप बंद झाला. टिक. मी कूस बदलली, तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू, हातात रिकामी बादली.

"अहो, आज आवाज नाही आला. पाणी चढलं नाही का?"