ते आमच्यात येत नाही

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकातल्या सिमेंट, सळई, वाळू, मजुरी अशा सगळ्या ओळी मला पटल्या. अडलं ते शेवटच्या ओळीपाशी. तिथं नुसतं ‘देखरेख’ असं लिहून पुढे लठ्ठ आकडा टाकला होता. देखरेख म्हणजे उभं राहून बघणं. उभं राहायला पाय आहेत, बघायला डोळे आहेत, त्यातून चष्म्याचा नंबरही नुकताच तपासलेला. मी ती ओळ खोडली. ओळीबरोबर कंत्राटदारही गेला.

मग गवंडी, सेंट्रिंगवाला, सळईवाला, प्लंबर, वायरमन, सुतार आणि फरशीवाला असे सात जण मी वेगवेगळे ठरवले. सातही जण आपापल्या कामात पक्के, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त सातांच्या कामांची बेरीज केली तर घर होत नाही. मधे मधे थोडं उरतं. ते उरलेलं कोणाचं, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच : “ते आमच्यात येत नाही, साहेब.”

पहिला सामना स्लॅबवर झाला. स्लॅबच्या सळया खालच्या सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट तोलून धरणाऱ्या, फळ्यांना टेकू द्यायच्या नसतात. त्यांच्याखाली निदान 20 मिलिमीटर काँक्रीट राहायला हवं, म्हणून सिमेंटचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, सरकवतात. नाहीतर सळईपर्यंत ओल पोचते, ती गंजते, गंजून फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे डोक्यावर येतात. हे सगळं मला सळईवाल्यानेच समजावून सांगितलं, फार छान सांगितलं.

“मग लावा ना ब्लॉक.”

“आमच्याकडे सळई बांधायची. ब्लॉक सेंट्रिंगवाला बघतो.”

सेंट्रिंगवाला म्हणाला, “आमचं फळीपर्यंत. फळीच्या वर जे असेल ते त्यांचं.”

ब्लॉक फळीच्या वर आणि सळईच्या खाली असतो. त्या 20 मिलिमीटरांत कोणीच कामाला नव्हतं. मी गुडघ्यांवर रांगत ब्लॉक सरकवत गेलो. माझ्या मागून वायरमन पाइप टाकायला त्याच सळयांवरून चालत आला, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून रांगलो.

काँक्रीट वाळून घट्ट होतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते म्हणून ते घट्ट होतं, आणि म्हणूनच त्यातलं पाणी उडू द्यायचं नसतं. निदान 7 दिवस, जमलं तर त्याहून जास्त, ते ओलं ठेवायचं. ताकद मोजायची ती 28 व्या दिवसाची. पाणी मारणं अर्थातच कोणाच्यात येत नव्हतं. गवंड्याने उपकार केल्यासारखी स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मालाची छोटी छोटी आळी घालून दिली आणि तो दुसऱ्या साइटवर गेला. मी सकाळ-संध्याकाळ पाइप धरून आळी भरत उभा. समोरच्या गच्चीवरून एक गृहस्थ बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “काय लावलंय?”

“घर,” मी म्हणालो.

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. “त्याला फार पाणी लागतं.”

भिंती उभ्या राहिल्या आणि खाचांचं प्रकरण सुरू झालं. वायरमनने कटरने खाचा मारल्या, प्लंबरने मारल्या, पाइप बसले. आता खाचा भरायच्या, वरून जाळी ठोकायची आणि मग गिलावा. जाळी नसेल तर गिलाव्याला नेमकी पाइपाच्या रेषेत चीर पडू शकते. गवंडी म्हणाला, “आम्ही भिंत अख्खी दिली होती.” हे नाकारण्यासारखं नव्हतं. वायरमन म्हणाला, “मी वायरचा माणूस, मालाला हात लावत नाही.” प्लंबर फोनवर होता. तो कायम फोनवरच असे. बहुधा माझ्यासारख्याच दुसऱ्या कोणाला, ते आपल्यात येत नाही, हे सांगत असावा.

मी थापी विकत आणली. मालकाच्या हातात थापी गवंड्याला बघवत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि पुढे त्याचा मी बेधडक वापर केला. मी दोनदा माल थापायचो, तो तीनदा खाली पडायचा, की मिस्त्री “आणा इकडे” म्हणून थापी हिसकावून घ्यायचे. सगळ्या खाचा अशाच भरल्या गेल्या. मुकादमगिरीचं याहून मोठं तंत्र मला तरी सापडलेलं नाही.

चिवट भांडण झालं ते शून्याचं. सुतार मोजायचा काँक्रीटपासून, फरशीवाला फरशीच्या माथ्यापासून आणि प्लंबर कुठून, ते त्यालाच ठाऊक. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोनेक इंच सहज जातात. ते न धरता दार केलं तर खालून तासत बसावं लागतं. उपाय सोपा आहे. फरशीचा माथा जिथे येणार त्याच्या वर बरोबर 1 मीटरवर घरभर एक रेघ मारायची आणि सगळ्यांनी तिथूनच मोजायचं. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरतात. मधे हवेचा बुडबुडा अडकला नसेल तर दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. साऱ्या बांधकामात कोणाचीही बाजू न घेणारं तेवढं ते पाणी. फरशीवाल्याने रेघेकडे बघितलं आणि म्हणाला, “पाणी चुकलंय.”

बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशीच्या आधी, निदान 24 तास पाणी साठवून ठेवतात. आम्हीही ठेवलं. खालच्या छताला ओल आली. प्लंबर, गवंडी आणि फरशीवाला खाली उभे राहून तिच्याकडे बघत होते. इतके महिने या तिघांचं एका मुद्द्यावर कधी जमलं नव्हतं. आता जमलं. “साहेब,” तिघंही म्हणाले, “देखरेख कमी पडली.”

असो. ती ओल गेली, घर झालं, सातही जण हिशेब पुरा करून गेले आणि हॉलच्या भिंतीत एक आरपार भोक राहिलं. गोल, सुबक, कोणीतरी मन लावून पाडलेलं. मी सगळ्यांना त्याचा फोटो पाठवला. बहुतेकांनी कामाच्या सफाईची तारीफ केली आणि ते आपलं नसल्याचं कळवलं. प्लंबर म्हणाला, “राहू द्या, एसीवाल्याला लागेल.”

एसीवाला आला. त्याने भोकाला डोळा लावला, मग बोट घालून पाहिलं. “याला बाहेर उतार नाही, पाणी घरात येईल,” असं सांगून त्याने वीतभर बाजूला दुसरं भोक पाडलं. जुनं बुजवाल का, असं विचारेपर्यंत तो शिडी मिटून जिन्यात पोचला होता.