ड्राफ्टच्या रात्रीचे मार्क आणि माझे किंग्ज

जुलै २०२५. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) होऊन दोन आठवडे झाले. आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला सुरू होतो. माझा चहा संपायच्या आत पहिली तीन नावं जाहीर झाली होती: डॅलसने कूपर फ्लॅग घेतला, सॅन अँटोनिओने डिलन हार्पर, फिलाडेल्फियाने व्ही. जे. एजकोम. दुपारच्या जेवणापर्यंत क्रीडा संकेतस्थळांवर सगळ्या संघांचे निकालही लागले. याला ए प्लस, त्याला सी मायनस. ज्या पोरांनी व्यावसायिक बास्केटबॉलचा एक मिनिटही खेळलेला नाही, त्यांच्या जोरावर कुणी पास, कुणी नापास. दर वर्षी हे वाचून मला त्रास होतो. या वेळी सविस्तर लिहिते आहे.

जे हा खेळ बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या खिशात पैसे जास्त, त्याला खेळाडू. एनबीएत उलटं आहे. प्लेऑफमध्ये न पोचलेल्या १४ संघांची लॉटरी निघते, जो संघ जितका वाईट खेळला तितकी त्याला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त, आणि मग एकेक संघ आपला खेळाडू निवडतो. दोन फेऱ्या, साधारण ६० नावं. एका नावाने संघाची दहा वर्षं उजळतात, नाहीतर वाया जातात.

माझी वाया गेली. मी सॅक्रामेंटो किंग्जची आहे. २०१३ मध्ये विवेक रणदिवे यांनी हा संघ घेतला तेव्हा मुंबईत वाढलेल्या माणसाचा एनबीए संघ याचं अप्रूप वाटलं आणि मी त्यांचे सामने बघायला लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये दोन प्रदर्शनीय सामने खेळले. त्यातल्या दुसऱ्याला मी होते. दोन्ही सामने किंग्ज हरले. पहिला तर जादा वेळेत, एका गुणाने. तरी त्या दिवसानंतर मी दुसऱ्या कुठल्या संघाची होऊ शकले नाही.

आता २०१८चा ड्राफ्ट. त्या वर्षी लॉटरीत किंग्ज सातव्या जागेवरून थेट दुसऱ्यावर आले. असं नशीब या संघाच्या वाट्याला क्वचितच येतं. शिवाय २०१९ची पहिल्या फेरीची पिक, म्हणजे खेळाडू निवडायचा हक्क, त्यांनी २०१५ मध्येच एका ट्रेडमध्ये (संघासंघांतल्या अदलाबदलीत) देऊन टाकली होती. म्हणजे पुढचं वर्ष कोरडं जाणार हे माहीत होतं. जे काय करायचं ते याच वेळी.

समोर ल्यूका डॉन्चिच होता. वय १९. रेआल माद्रिदकडून नुकताच युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकलेला, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. त्याआधीच्या वर्षी स्लोव्हेनियाबरोबर युरोपचं सुवर्ण. कॉलेजातल्या पोरांविरुद्ध नव्हे, तिशीतल्या कसलेल्या खेळाडूंविरुद्ध त्याने हे केलं होतं. किंग्जचे जनरल मॅनेजर व्लादे दिवाच स्वतः सर्बियाचे, युरोपातला बास्केटबॉल काय दर्जाचा असतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

किंग्जनी ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅगली घेतला.

मी बॅगलीला दोष देत नाही. तोही १९ वर्षांचाच होता आणि पहिल्या मोसमात सामन्याला जवळजवळ १५ गुण करत होता. दुसऱ्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात अंगठा मोडला, त्या वर्षी एकूण १३ सामने खेळला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला डेट्रॉइटला पाठवलं. जो कुणी ल्यूकाच्या आधी निवडला गेला असता त्याला जन्मभर हीच तुलना ऐकावी लागली असती. पोराने हे मागितलं नव्हतं.

माझा राग निवडीमागच्या विचारावर आहे. तेव्हा चर्चा अशी होती की किंग्जकडे डीॲरन फॉक्स आहे, बॉल हातात घेऊन खेळवणारा गार्ड आहे, मग तसाच दुसरा कशाला? उंच माणूस घ्या, जागा भरा. २७ सामने जिंकून ५५ हरलेल्या संघाची कसली जागा भरायची होती? ज्याच्या घरात काहीच नाही त्याने बाजारात जाऊन सगळ्यात चांगली वस्तू आणावी. कोपरा कुठला रिकामा आहे ते नंतर बघता येतं.

ही चूक जुनीच आहे. १९८४ मध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, आदल्याच वर्षी घेतलेला, जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा. त्यांना सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, हवा होता. बोवीची कॉलेजची दोन वर्षं पायाच्या दुखापतीत गेली होती तरी सेंटर हवा होता. ३४ वर्षांनी तोच दुसरा क्रमांक, तेच कारण, आणि तिसरा क्रमांक घेणाऱ्याचं भाग्य.

उंचीचा मोह मला समजतो. मी ठाण्यात शाळेच्या मुलींचा संघ निवडते. चाचणीच्या दिवशी एक उंच मुलगी मैदानात आली की सगळ्या शिक्षकांच्या नजरा तिकडे जातात, माझीही जाते. एका वर्षी संघातली बारावी जागा अशाच एका मुलीला दिली आणि पास कुठे द्यायचा हे न सांगता समजणाऱ्या बुटक्या मुलीला घरी पाठवलं. ती पुढच्या वर्षी चाचणीला आलीच नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

पण २०१८ची सगळी शिक्षा एकट्या किंग्जना देणं बरोबर नाही, आणि इथेच त्या रात्रीचे मार्क कसे फसतात ते दिसतं. पहिला क्रमांक फिनिक्सचा होता. त्यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा, म्हणजे घरचाच, डिआंद्रे एटन घेतला. त्यांचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह म्हणजे २०१७ मध्ये स्लोव्हेनियाला सुवर्ण जिंकून देणारा माणूस. ल्यूकाला त्यांच्याइतकं जवळून एनबीएत कोण ओळखत होतं? तरीही एटन, आणि कोकोश्कोव्हना वर्षभरात निरोप. एवढं होऊन २०२१ मध्ये फिनिक्स अंतिम फेरीत पोचलं, त्यात एटनचा वाटा मोठा होता. मिकाल ब्रिजेसचाही, ज्याला फिलाडेल्फियाने दहाव्या क्रमांकावर निवडून काही वेळातच फिनिक्सला देऊन टाकलं होतं. त्याची आई फिलाडेल्फिया संघाच्याच मालक कंपनीत कामाला होती! तेव्हा फिनिक्सला मी नापास म्हणणार नाही. कमी मार्क द्या, पण नापास नाही.

अटलांटालाही लोक हसतात. त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर ल्यूका निवडला, तो डॅलसला दिला, बदल्यात ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीची एक पिक घेतली. यंगने २०२१ मध्ये त्यांना कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीत, नेलं. ज्या संघाला आपल्याला कोण हवाय हे पक्कं माहीत होतं आणि ज्याने त्यासाठी वर एक पिकही मिळवली, त्याला मूर्ख कसं म्हणायचं?

आणि डॅलस? कागदावर त्या रात्रीचा विजेता तोच. ल्यूका तर आलाच, शिवाय दुसऱ्या फेरीत ३३व्या क्रमांकावर जेलन ब्रन्सन. एका रात्रीत असे दोन खेळाडू! पण ब्रन्सनला त्यांनी २०२२ मध्ये हातचा जाऊ दिला, न्यूयॉर्कने उचलला. ल्यूकाने २०२४ मध्ये अंतिम फेरी गाठून दिली आणि आठ महिन्यांत त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे धाडलं. इतकी सुंदर निवड करून हातात काही उरू न देणारा दुसरा संघ मला माहीत नाही. (जुलै २०२५ मध्ये एटनही लेकर्समध्ये आला. त्या रात्रीचा पहिला आणि तिसरा एका संघात.)

त्याच रात्री ११व्या क्रमांकावर शार्लटने शे गिल्जस-अलेक्झांडर निवडला आणि लगेच लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाला, क्लिपर्सना दिला. क्लिपर्सनी वर्षभराने तो पॉल जॉर्जच्या बदल्यात ओक्लाहोमा सिटीला दिला, वर पहिल्या फेरीच्या पाच पिक दिल्या. त्यातल्या एकीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा विजेता झाला. शे मोसमाचाही सर्वोत्तम आणि अंतिम फेरीचाही. मग २०१८चा ए प्लस कुणाला द्यायचा? ज्याने निवडला त्याला, ज्याने एक वर्ष ठेवला त्याला, की ज्याने त्या रात्री त्याचं नावही घेतलं नव्हतं पण नंतर धीराने घडवला त्याला? मी तरी घडवणाऱ्याला देईन.

किंग्जना निवडता येत नाही असंही नाही. २०२० मध्ये नवे जनरल मॅनेजर मॉन्टे मॅकनेअर आले आणि १२व्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन घेतला. तेव्हाही फॉक्स संघात होताच, पण या वेळी त्यांनी जागा बघितली नाही, खेळाडू बघितला. २०२२ मध्ये चौथ्या क्रमांकावर जेडन आयव्हीला सोडून कीगन मरे घेतला तेव्हा किती बोल ऐकावे लागले! मरेने पहिल्याच मोसमात २०६ थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारून नवोदितांचा विक्रम केला.

पण हॅलिबर्टन. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जनी त्याला पेसर्सला देऊन डोमांटास साबोनिस घेतला. ज्या संघाशी वरळीत खेळले, त्याच संघाशी सौदा. वरळीत त्या दिवशी साबोनिस पेसर्सचा होता आणि हॅलिबर्टनबरोबर गेलेला बडी हील्ड आपला. पुढच्या मोसमात किंग्जनी ४८ सामने जिंकले, १६ मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला, सामना जिंकला की मैदानाच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात जायचा आणि मी इकडे सकाळी डबा भरताना रडायचे. त्या वर्षासाठी मी या सौद्याला कधीच वाईट म्हणू शकले नाही. आणि तरीही जून २०२५ मध्ये अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना हॅलिबर्टनचा शॉट आत गेला तेव्हा माझ्या पोटात कालवलं. हा आपला होता. सातव्या सामन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली आणि तो जमिनीवर हात आपटत होता, ते मला बघवलं नाही. मी आवाज बंद केला.

तर, पोरांचे मार्क त्या रात्री देऊ नका, पाच-सात वर्षं थांबा. पण संघाने कशाच्या बदल्यात काय घेतलं, हे मात्र त्याच रात्री तपासता येतं आणि तपासलंच पाहिजे. २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सने १३व्या क्रमांकावर डेरिक क्वीन घेण्यासाठी अटलांटाला २३वी पिक आणि वर २०२६ची पहिल्या फेरीची पिक कुठल्याही अटीशिवाय दिली. क्वीन उत्तम निघू शकतो. त्याचं काही वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. पण नुकताच २१ सामने जिंकलेला संघ पुढच्या वर्षीची पिक अशी उघडी कशी काय देतो? पुन्हा तळाला राहिलात तर? ही घाई आहे, आणि घाईला आजच नापास म्हणायला माझी हरकत नाही. २०१५च्या किंग्जनी नेमकं हेच केलं होतं, म्हणून जास्त लागतं.

ती १३वी पिकही मुळात किंग्जचीच होती, जुन्या एका सौद्यात अटलांटाला गेलेली. आपण मग ओक्लाहोमाकडून २४वी घेऊन कोलोराडो स्टेटचा नीक क्लिफर्ड आणला. वय २३, म्हणजे ड्राफ्टच्या मानाने मोठा. अनेकांनी त्यावरूनच मार्क कापले. २०२५ची लास वेगासची समर लीग (नव्या खेळाडूंना आजमावायचे उन्हाळी सामने) सुरू होते आहे आणि मी त्याचे सगळे सामने बघणार आहे. बॉल हातात नसताना तो कुठे धावतो, ते आधी बघणार.